उजवीकडे धरलेला खुळखुळा

मित्रांनो, मी एक जुना खुळखुळा आहे. माझ्या पोटात कर्दळीच्या एकोणीस बिया आहेत. पहिल्यांदा वाजलो तेव्हा तेवीस होत्या. उरलेल्या चार बियांचं काय झालं हे सांगायला मला आजही जड जातं. पण तेच सांगायचं नसेल, तर माझी गोष्ट तुम्हाला सांगून उपयोग तरी काय?

मूळचा मी मोर्रोच्या झाडाचं एक गोल, टणक सालीचं फळ. ही फळं थेट खोडाला लटकतात. राबिनाल गावात सिप्रियानो इश्पाता नावाचे एक म्हातारे कारागीर राहायचे. त्यांनी मला अंगणातल्या झाडावरून तोडलं, उकळलं, बारीक भोक पाडून पोटातला सगळा गर वाकड्या तारेनं खरवडून काढला आणि कौलांवर उन्हात वाळत घातलं. मग त्यांनी कर्दळीच्या काळ्या, टणक बिया एकेक करून आत सोडल्या. प्रत्येक बी सोडली की ते मला कानाजवळ नेऊन हलवायचे आणि नाराजीनं मान हलवायचे. तेविसाव्या बीला मात्र ते हसले.

"हं, आता बोलला," ते म्हणाले.

आमच्या गावात खुळखुळ्याला चिंचीन म्हणतात. नाव उच्चारलं की आवाज ऐकल्यासारखंच होतं. सिप्रियानोंनी माझ्यावर नीज नावाच्या किड्यांच्या चरबीचा लेप दिला, त्यावर काजळी चोळली आणि मी आरशासारखा काळाभोर चमकू लागलो. मग डाव्या हातात चाकू धरून त्यांनी माझ्या अंगावर दोन पक्षी कोरले. ते डावखुरे होते. गावातले सगळे म्हणायचे की म्हाताऱ्याच्या डाव्या हातात जादू आहे, आणि म्हातारबाबांनाही ते मनापासून पटलेलं होतं.

त्यांनी केलेले चिंचीन रविवारच्या बाजारात ढिगानं विकले जात. मी मात्र विकायला नव्हतो. त्यांची सून देमेत्रिया पोटुशी होती आणि मी त्यांच्या पहिल्या नातवंडासाठी होतो. म्हणूनच त्यांनी मला पेरूच्या लाकडाचा खास दांडा बसवला. चांगला अंगठ्याएवढा जाड, कंगोरे पाडलेला, देखणा. मला मिरवायला ते बाजारात न्यायचे. तिथल्या बाया मला हातात घेऊन म्हणायच्या, "हा द्या की, सिप्रियानो." आणि ते मला त्यांच्या हातातून काढून घ्यायचे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लाडाचे दिवस होते.

देमेत्रियाचं बाळंतपण अवघड गेलं. दीड दिवस ती अडली होती. मी खुंटीवर होतो आणि घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बाळ आलं ते निळसर पडलेलं. रडेना. सुईणीनं पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. सिप्रियानो दाराबाहेर उकिडवे बसले होते. मग एकदाचा बारीक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. मुलगी झाली होती. तिचं नाव निकोलासा ठेवलं आणि सगळे तिला निका म्हणू लागले. रडायला झालेला तो उशीर आनंदाच्या भरात सगळे विसरून गेले.

मला तिच्या झोळीवर टांगण्यात आलं. पहिले दोन महिने ती माझ्याकडे नुसती बघायची. मी डावीकडे झुललो की तिचे डोळे डावीकडे, उजवीकडे झुललो की उजवीकडे. मित्रांनो, कुणीतरी आपल्याकडे एवढं मन लावून बघतंय यासारखं सुख नाही. चौथ्या महिन्यात तिनं हात उचलला आणि मला फटका मारला. काही दिवसांनी तिची बोटं माझ्या पोटावरून घसरली, आणि एका सकाळी तिनं माझी दोरीच मुठीत पकडून ओढली.

हात डावा होता.

"बघितलंस? बघितलंस, पोरी?" सिप्रियानो अंगणातून ओरडत आले. "डावखुरी! माझ्यावर गेली! हिच्या हातात चाकू देणार मी, आणि तुझा तो नवरा बसू दे विटा रचत!"

देमेत्रियाचा नवरा कालिस्तो राजधानीत गवंडीकाम करायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. देमेत्रिया हसली, पण तिची नजर निकाच्या उजव्या हाताकडे होती. तो हात छातीशी दुमडलेला होता. मूठ मिटलेली, अंगठा आत.

मला ते तिच्याही आधी कळलं होतं. खेळवताना कुणी मला उजव्या हाताशी नेलं, तर मी त्या मिटलेल्या मुठीवर आपटून खाली पडायचो. डाव्या हाताशी नेलं, की लगेच पकडला जायचो. त्यामुळे सगळे मला डावीकडेच नेऊ लागले. मूल हसतं, आजोबा हसतात. उजवीकडे कोण कशाला जाईल?

आंघोळ घालताना मात्र देमेत्रियाला त्या मुठीशी झगडावं लागे. आत घामाचा आणि आंबलेल्या दुधाचा मळ साचायचा. ती एकेक बोट उलगडायची आणि सोडलं की बोटं पुन्हा आत मिटायची. एके दिवशी ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, हिचा उजवा हात उघडत नाही."

"लहान आहे अजून. सगळ्यांचीच मूठ मिटलेली असते."

"शेजारच्या तोमासाचा पोरगा हिच्याच वयाचा आहे. दोन्ही हातांनी माझी वेणी ओढतो."

"तोमासाचा पोरगा उद्या बैलासारखा नांगर ओढेल. माझी नात कारागीर आहे. ज्याला डावा येतो त्याला उजवा लागत नाही. मला विचार."

"तुम्ही चिंचीन उजव्या हातात धरता, बाबा. तेव्हा कुठे डाव्यानं कोरता येतं."

 सिप्रियानोंनी उजव्या हातातलं अर्धवट कोरलेलं फळ खाली ठेवलं आणि ते उठून गेले. त्या दिवसापासून घरातली हवाच बदलली.

ते बाजारात गेले की देमेत्रिया मला खाली काढायची. निकाला मांडीवर घेऊन तिचा डावा हात शालीत हलकेच गुंडाळायची आणि मला उजवीकडे धरायची. निका माझ्याकडे बघायची. तिचा खांदा हलायचा, कोपर थरथरायचं. मूठ वर यायची, माझ्यापर्यंत पोचायची, पण उघडायची नाही. मग ती चिडायची, आणि रडून लाल व्हायची. मला वाटायचं, मीच पुढे सरकावं, त्या मुठीत शिरावं. पण मला हात नाहीत, मित्रांनो. दुसऱ्यानं हलवल्याशिवाय मी हलत नाही.

एका दुपारी सिप्रियानो लवकर परतले. दारातून त्यांना दिसलं ते एवढंच, की मूल रडतंय आणि आईनं त्याचा चांगला हात बांधून ठेवलाय.

"अगं, खुळी झालीस की काय! जो हात चालतो तोच बांधतेस?" त्यांनी मला तिच्या हातातून हिसकावून घेतलं. "पुन्हा हे केलंस तर याद राख!"

मी परत खुंटीवर गेलो. देमेत्रियानं कालिस्तोला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. तिचं एवढंच ऐकलं, "तू बाबांचं ऐक म्हणतोस. मी ऐकते. पण आंघोळ मी घालते कालिस्तो, तू नाही आणि बाबाही नाहीत." आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चिंचीनांची टोपली डोक्यावर घेतली, निकाला पाठीशी बांधलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "सालामाच्या बाजारात जाऊन येते." आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याशी खोटं बोलली. टोपलीत सर्वांत वर मी होतो. मिनीबस वळणं घेत चढ चढत होती आणि देमेत्रिया एका हातानं माझा दांडा इतका घट्ट आवळून बसली होती की मला वाटलं, आता तो मोडणार.

सालामात लहान मुलांच्या हातापायांवर उपचार करणारं एक छोटं केंद्र होतं. तिथल्या ग्रासिएला बाई जाड काचांच्या चष्म्यातून बघायच्या आणि घाई करायच्या नाहीत. त्यांनी निकाला चटईवर ठेवलं आणि बराच वेळ तिला हातही लावला नाही. नुसतं बघितलं.

"बाळंतपण कसं झालं?"

"दीड दिवस अडले होते. ही रडली उशिरा."

"खेळते कुठल्या हातानं?"

"डाव्या. सासरे म्हणतात, डावखुरी आहे."

"सहा महिन्यांचं मूल डावखुरं नसतं, बाई. ते दोन्ही हातांनी ओरबाडतं. एकच हात पुढे यायला लागला, की आपण दुसऱ्याला विचारायचं, बाबा रे, तुला काय झालंय?"

देमेत्रियानं विचारलं, "माझ्यामुळे झालं का?"

"नाही."

"मग कुणामुळे?"

"कुणामुळेच नाही. जन्माच्या वेळी डोक्याला थोडी इजा झाली असावी. डॉक्टर तपासतील तेव्हा नक्की कळेल. तोवर हा हात रिकामा ठेवायचा नाही."

"बरा होईल?"

ग्रासिएला बाईंनी चष्मा काढून पुसला. "डाव्यासारखा होईल, असं मी म्हणणार नाही. पण डाव्याच्या मदतीला येऊ शकेल. त्यासाठी त्याला आत्तापासून रोज बोलवायला लागेल."

मग त्यांनी शिकवलं. बोटं ओढून मूठ उघडायची नाही. हाताच्या पाठीवर करंगळीच्या बाजूनं हळूच चोळायचं, अंगठा मुळाशी धरून बाहेर आणायचा, मग बोटं आपण होऊन सैल पडतात. डावा हात बांधायचा नाही, आपल्या हातात नुसता धरायचा, तोही थोडाच वेळ, खेळता खेळता. आणि खुळखुळा तिला दिसेल असा समोरून उजवीकडे न्यायचा.

"एकदा वाजवायचा आणि थांबायचं," त्या म्हणाल्या. "सारखा वाजवत बसलात तर तिला गोंधळायला होतं. आधी डोळे पोचतात. हात मागून येतो."

"किती वेळ थांबू?"

"तुम्हाला कंटाळा येईल त्याच्या दुप्पट."

मग त्यांनी मला हातात घेतलं, फिरवून पाहिलं. "सुरेख आहे. पण दांडा चुकला. मोठ्या माणसाच्या हातासाठी केलाय. बाळाच्या मुठीत तुमची करंगळी मावते ना? तेवढाच हवा. खालचं टोक मात्र गोल आणि जाड ठेवा, घशात जाता कामा नये."

मित्रांनो, माझा दांडा चुकला! ज्याच्यासाठी बाजारातल्या बाया हात पुढे करायच्या, तो दांडा! मला राग आला. परतीच्या वाटेवर मात्र निकानं तीनदा उजवी मूठ माझ्यावर आपटली आणि तीनदा ती घसरली, तेव्हा माझा राग गेला. बाईंचं खरं होतं. मी दिसायला सुंदर होतो, पण तिच्या हातात मावत नव्हतो.

सिप्रियानो दारातच उभे होते. टोपली जशीच्या तशी भरलेली पाहून ते म्हणाले, "बाजार भरला नाही वाटतं?"

"मी बाजारात गेलेच नाही." देमेत्रियानं टोपली खाली ठेवली. तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "आणि हा दांडा तासायला हवा. करंगळीएवढा."

"चाळीस वर्षं चिंचीन करतोय मी." त्यांचा आवाज चढला. "आता चष्मेवाली बाई मला दांडा शिकवणार? आणि तू मागच्या मागे जाऊन माझ्या नातीला पांगळी ठरवून आणणार?"

देमेत्रिया ओरडली नाही. तिनं निकाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "बाबा, हिला तुमचं बोट द्या. आधी डावीकडे."

त्यांनी तर्जनी पुढे केली. निकानं ती डाव्या हातानं गच्च धरली.

"आता उजवीकडे."

बोट त्या मुठीपाशी गेलं. त्यांनी ते आत सरकवायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. चाळीस वर्षं फळांच्या बारीक भोकांतून गर काढणारं ते बोट, पण त्याला तिथे वाट सापडेना. निका त्यांच्याकडे बघून हसत होती आणि तिची मूठ दगडासारखी घट्ट होती. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. 

"मी रोज खेळवतो हिला," अखेर सिप्रियानो म्हणाले. "रोज. आणि या बाजूला कधी बघितलंच नाही." त्यांनी देमेत्रियाकडे न बघता हात पुढे केला. "चाकू आण."

ते घाईघाईनं मला तासायला बसले. कंगोरे गेले, चकाकी गेली, दांडा बारीक झाला. एकदा चाकू निसटला आणि माझ्या मानेला, जिथे दांडा पोटात शिरतो तिथे, हिसका बसला. केसाएवढी एक भेग पडली. त्यांनी ती पाहिली. एरवी त्यांनी मला बाजूला टाकून नवा चिंचीन केला असता. पण त्यांना धीर नव्हता. त्यांनी भेगेत डिंक भरला, वरून काजळी चोळली आणि मला निकापुढे धरलं. उजवीकडे.

त्यानंतरचे महिने मी विसरणार नाही. सकाळी आई, दुपारी आजोबा. एकदा वाजवायचं आणि थांबायचं. सिप्रियानोंना थांबणं जमायचं नाही. ते पुटपुटायचे, "ये ना गं, ये ना, राणी," आणि देमेत्रिया चुलीपासून म्हणायची, "बाबा, गप्प बसा. तिला बघू दे." निकाचे डोळे माझ्यावर खिळायचे. मग खांदा हलायचा, मग कोपर. आठव्या महिन्यात उजव्या हाताची दोन बोटं पहिल्यांदा सैल पडली आणि माझ्या दांड्याला लागली. पकड नव्हती, नुसता स्पर्श. नवव्या महिन्यात अंगठा बाहेर आला आणि देमेत्रियानं मला त्या हातात ठेवल्यावर मी तिथे राहिलो. किती वेळ? एक श्वास घ्यावा एवढाच. मग पडलो. सिप्रियानो उठून अंगणात गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

प्रत्येक वेळी मी पडायचो तो जमिनीवर. प्रत्येक वेळी माझ्या मानेतला डिंक थोडा थोडा सुटायचा. मला ते जाणवत होतं. माझा आवाज बदलला होता, किंचित फाटल्यासारखा. पण सगळ्यांचं लक्ष हाताकडे होतं, माझ्याकडे नाही.

निका दहा महिन्यांची असतानाची सकाळ. देमेत्रिया तव्यावर मक्याच्या तोर्तिया टाकत होती. सिप्रियानो दारात बसून नवी फळं खरवडत होते. निका चटईवर बसली होती, शेजारी मका वाटायचा पाटा. तिनं मला डाव्या हातात घेतलं आणि पाट्यावर आपटलं. तिला तो आवाज आवडला. तिनं पुन्हा आपटलं, आणखी जोरात. माझी मान तुटली.

दांडा एकीकडे, मी दुसरीकडे. माझ्या पोटातून बिया चटईवर सांडल्या. काळ्या, गोल, चकचकीत. निकानं त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या हाताची दोन बोटं पुढे आली, इतक्या महिन्यांत शिकलेली, नेमकी, हुशार बोटं. तिनं एक बी उचलली आणि तोंडात टाकली.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण माझा आवाज म्हणजे माझ्या पोटातल्या बिया, आणि त्या जमिनीवर पडल्या होत्या. मी गप्प होतो. निकाही गप्प झाली. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं.

ती शांतता आधी सिप्रियानोंना कळली. त्यांनी मान वळवली. "देमेत्रिया!"

त्यांनी मुलीला उचललं आणि बोट तिच्या तोंडाकडे नेलं.

"बोट घालू नका!" देमेत्रियानं तिला त्यांच्या हातांतून ओढून घेतलं. "आणखी आत जाईल!" केंद्रात सगळ्या आयांना हे एकदा शिकवलं होतं. तिनं निकाला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, हनुवटी तळहातात. दोन खांद्यांच्या मधोमध तळव्यानं जोरात थाप मारली. एक. दोन. निकाचे ओठ निळे पडत होते, जन्मताना होते तसे. तीन. सिप्रियानो भिंतीला धरून उभे होते. चार.

टक्. बी चुलीपाशी उडाली. आणि निका रडली. एवढं मोठं, एवढं कर्कश, की शेजारची तोमासा धावत आली.

देमेत्रिया तिथेच खाली बसली. सिप्रियानोंनी मला उचललं. माझ्या मानेकडे पाहिलं, डिंकाच्या काळ्या रेषेकडे.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "भेग मी बघितली होती, पोरी. बघूनही वर काजळी फासली."

"दांडा तासायला मी सांगितलं होतं."

"तासायला सांगितलं होतंस. लपवायला नाही."

देमेत्रियानं मला त्यांच्या हातातून घेतलं आणि चुलीकडे भिरकावलं. मी जळालोच असतो, पण राखेच्या कडेला पडलो. कुणी नसताना सिप्रियानोंनी मला उचलून, उरलेल्या बिया गोळा करून, सगळं एका फडक्यात बांधलं आणि आढ्याच्या तुळईवर ठेवलं. त्यांना एकोणीसच सापडल्या. चुलीपाशी उडालेली ती बीही त्यांत नव्हती. त्यानंतर त्यांनी कित्येक आठवडे चाकू हातात धरला नाही.

तुळईवर धूर होता, कोळिष्टकं होती. गाठ सैल होती. तिच्या फटीतून मला खालचं दिसायचं. निकाला आता मक्याची रिकामी कणसं दिली जात, लाकडी चमचा, चिंध्यांचा चेंडू. घरातले खेळ थांबले नव्हते, फक्त मी त्यांत नव्हतो. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायचं. आणि त्याहून जास्त धास्ती वाटायची. त्या सकाळच्या भीतीनं उजवा हात पुन्हा मिटून जाईल का? काही दिवस तो खरंच मिटला. देमेत्रिया चमचा उजवीकडे धरायची, थांबायची, आणि काहीच घडायचं नाही. तरी ती धरून ठेवायची.

मग संत्र्यांचे दिवस आले. राबिनालची संत्री मोठी असतात. कालिस्तो सुट्टीवर आला होता. त्याला या खेळांतलं काही कळत नव्हतं. त्यानं आपलं एक संत्रं पोरीकडे घरंगळत सोडलं. निकानं डाव्या हातानं ते धरलं. ते सटकलं. कालिस्तोनं पुन्हा सोडलं. पुन्हा सटकलं. एका हातात ते मावणारच नव्हतं.

"थांब, मी देतो," कालिस्तो पुढे झाला.

"देऊ नकोस!" सासरा आणि सून एकदम म्हणाले.

तिसऱ्यांदा संत्रं आलं. निकाचे डोळे त्याच्यावर होते. डावा हात त्यावर पडला. संत्रं निसटायला लागलं. आणि उजवा हात, हळूच, अर्धवट उघडा, वाकड्या मनगटाचा, दुसऱ्या बाजूनं आला आणि संत्र्याला टेकला. संत्रं थांबलं. दोन हातांच्या मधे.

कालिस्तो म्हणाला, "मग? धरलं की. त्यात रडायला काय झालं तुम्हा दोघांना?"

तो क्षण माझ्या वाट्याला आला नाही, मित्रांनो. इतके महिने मी त्या हातासाठी पडत राहिलो आणि तो आला एका संत्र्यासाठी. पण वर, त्या धुरात, मी जेवढा सुखावलो तेवढा बाजारातल्या कौतुकानं कधी सुखावलो नव्हतो.

त्याच आठवड्यात सिप्रियानोंनी मला खाली काढलं. या वेळी घाई केली नाही. मानेचा फुटका भाग कापून टाकला. नवा दांडा केला तो माझ्या पोटातून आरपार जाणारा, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकलेला, मुठीत मावेल एवढा बारीक आणि खालच्या टोकाला गोल, जाड. मग मला अंगणातल्या दगडावर सात वेळा आपटलं. दोन्ही हातांनी ओढलं. शेवटी देमेत्रियाच्या हातात देऊन म्हणाले, "आता तू ओढ. जीव खाऊन ओढ." तिनं ओढलं. मी तुटलो नाही. तरीही तिनं मला लगेच निकाला दिलं नाही. पंधरा दिवस रोज स्वतः ओढून बघितलं आणि मगच दिलं.

पुढे सिप्रियानोंनी सगळेच चिंचीन तसे केले. बाजारात कुणी म्हणालं, "सिप्रियानो, पूर्वीचे दांडे किती देखणे असायचे," की ते म्हणत, "ते तुमच्यासाठी होते. हे बाळासाठी आहेत."

निकाचा उजवा हात आजही सावकाश चालतो. तिला बटण लावायला वेळ लागतो आणि चिडली की मूठ पुन्हा मिटते. पण ती शाळेत जाते, दोन्ही हातांनी पेला उचलून अतोल, म्हणजे मक्याची पेज, पिते आणि कुणी मदतीला आलं तर म्हणते, "थांब, येतोय माझा हात." खुळखुळ्याचं वय संपल्यावर देमेत्रियानं मला सालामाच्या केंद्रात ग्रासिएला बाईंना देऊन टाकलं. तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या अंगावरचे पक्षी झिजून गेलेत. किती मुठींनी मला धरलं आणि किती मुठींना मला धरता आलं नाही, त्याचा हिशोब मी ठेवत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात लहान बाळ असेल तर या जुन्या खुळखुळ्याचं एक ऐका. बाळाच्या हातात काही देण्याआधी ते ओढून बघा, आपटून बघा. भेग दिसली तर तिच्यावर रंग फासू नका. बाळ हसतं त्या बाजूला सगळेच जातात. तुम्ही दुसऱ्या बाजूलाही जाऊन बघा. आणि एकच हात येत असेल, तर दुसऱ्याची चौकशी करायला लाजू नका.

आता मला थांबायला हवं. आज चटईवर एक नवं बाळ आलंय, साडेपाच महिन्यांचं. इलारिओ नाव. त्याची आई घाबरलेली आहे. तिनं मला उजवीकडे धरलंय आणि एकदा वाजवलंय. मूठ अजून मिटलेलीच आहे. ती बाईंकडे वळून विचारते, "पुन्हा वाजवू का?"

नको, बाई. त्याचे डोळे माझ्याकडे वळलेत. जरा थांबा.